पोटाला पडलेली खिडकी

रविवारी दुपारी सगळे घर एकत्र जेवायला बसते. वरणभातावर तूप पडते, लिंबाची फोड पिळली जाते आणि पहिला घास तोंडात जातो. तो जिभेवर असेतोवर आपल्या ताब्यात असतो. गरम आहे की गार, तिखट आहे की अळणी, हे आपल्याला कळते. एकदा गिळला, की आपला त्याच्याशी संबंध संपला. पुढे त्याचे काय झाले याची चौकशी आपण करत नाही आणि पोटही आपणहून काही सांगत नाही. ते बोलते ते तक्रार करण्यापुरतेच. जळजळ झाली, गच्च वाटले, कळ आली, की मग आठवण होते, की बरगड्यांच्या आड एक पिशवी आहे आणि ती जन्मल्यापासून मुकाट्याने राबते आहे.

आज तिच्यात डोकावायचे ठरवले तर डॉक्टर तोंडावाटे दुर्बीण घालतात. दहापंधरा मिनिटांत अन्ननलिका, जठर आणि आतड्याची सुरुवात पडद्यावर दिसते. दोनशे वर्षांपूर्वी मात्र जिवंत माणसाचे जठर काम कसे करते, हे नीट पाहिलेला माणूस जगात नव्हता. ज्याने ते सर्वांत आधी वर्षानुवर्षे पाहिले, त्याचे नाव विल्यम बोमाँट. तो मोठ्या विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. प्रयोगशाळा म्हणावी अशी जागाही त्याच्यापाशी नव्हती. तो अमेरिकेच्या सीमेवरच्या एका किल्ल्यातला लष्करी डॉक्टर होता. त्याच्या हाती आली ती एक जखम, आणि ती जखम दुसऱ्याच्या अंगावर होती.

शेतकऱ्याचा मुलगा

बोमाँटचा जन्म २१ नोव्हेंबर १७८५ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात लेबनन नावाच्या गावी झाला. घर शेतकऱ्याचे. मुलाने शेतीच बघावी अशी घरची रीत. पण विशीत आल्यावर त्याने घोडा आणि थोडे पैसे घेऊन घर सोडले. उत्तरेला कॅनडाच्या सीमेजवळ शँप्लेन या गावी तो शाळामास्तर झाला. मास्तरकी करता करता वैद्यकाची पुस्तके वाचू लागला. त्या काळी तिकडे डॉक्टर होण्यासाठी महाविद्यालयात गेलेच पाहिजे असे नव्हते. एखाद्या जुन्या डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी करायची, औषधे कुटायची, जखमा बांधायच्या, रोग्याच्या उशाशी रात्री जागवायच्या आणि मग परवाना मिळवायचा. बोमाँटने व्हर्माँट राज्यात बेंजामिन चँडलर या डॉक्टरकडे अशीच उमेदवारी केली. १८१२ साली त्याला परवाना मिळाला.

त्याच वर्षी अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले. नवा डॉक्टर सैन्यात दाखल झाला. बंदुकीच्या गोळीने आणि स्फोटाने माणसाच्या शरीराचे काय होते, हे त्याने रणांगणावर पाहिले. उमेदवारीतली एक सवय त्याने तिथेही सोडली नाही. जे दिसले ते त्याच दिवशी वहीत लिहायचे. रोग्याला काय दिले, केव्हा दिले, काय झाले, हे सारे साध्या शब्दांत टिपून ठेवायचे. पुढे त्याला जे यश मिळाले त्याचे मूळ या सवयीत आहे.

युद्धानंतर काही वर्षे त्याने प्लॅट्सबर्ग या गावी खासगी दवाखाना चालवला. मग पुन्हा लष्करात नोकरी धरली आणि त्याची नेमणूक मॅकिनॉ बेटावरच्या किल्ल्यात झाली. ह्यूरन आणि मिशिगन या दोन अफाट सरोवरांच्या मधले हे छोटे बेट. हिवाळ्यात सगळीकडे बर्फ. उन्हाळा आला, की मात्र बेट गजबजून जाई. जंगलात शिकार करणारे आणि कातडी गोळा करणारे लोक होड्या भरभरून येत. अमेरिकन फर कंपनीचे दुकान तिथे होते. आसपास दुसरा डॉक्टर नव्हता. १८२१ साली बोमाँटने डेबोरा ग्रीन प्लॅट हिच्याशी लग्न केले आणि या एकाकी बेटावर संसार मांडला.

दुकानात सुटलेला बार

६ जून १८२२. सकाळची वेळ. कंपनीच्या दुकानात गर्दी होती. कोणाच्या तरी हातातली छऱ्यांची बंदूक चुकून उडाली. हातभर अंतरावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाचा एक तरुण उभा होता. हा फ्रेंच बोलणारा कॅनेडियन. कंपनीच्या होड्या वल्हवायच्या आणि पाठीवर ओझी वाहायची, हे त्याचे काम. सगळे छरे त्याच्या डाव्या कुशीत, छातीच्या खालच्या बाजूला घुसले. कपड्यांनी पेट घेतला. तो जागीच कोसळला.

बोमाँट धावत आला. तळहाताहून मोठी जखम. बरगड्या मोडलेल्या. फुप्फुसाचा एक फाटलेला भाग बाहेर आलेला. त्याखाली जठराचा तुकडा, त्यालाही भोक, आणि त्या भोकातून सकाळची न्याहारी बाहेर सांडत होती. डॉक्टरने जखम साफ केली, बाहेर आलेला भाग आत ढकलला, पोटीस बांधले. हा माणूस छत्तीस तासही काढणार नाही, असेच त्याला वाटले होते.

पण सेंट मार्टिन जगला. ताप आला, जखम चिघळली, हाडांचे तुकडे बाहेर पडत राहिले. पहिले सतरा दिवस तो जे खाई ते सगळे भोकातून बाहेर येई. पोषण द्यायचे ते एनिमावाटे. मग जखमेवर घट्ट पट्टी बांधली की अन्न आत टिकू लागले आणि आतड्यांचे काम सुरू झाले. बोमाँटने महिनोन् महिने रोज त्याची मलमपट्टी केली. जखम भरत आली. पण एक विचित्र गोष्ट घडली. जठराची भोकाभोवतीची कड छातीच्या भिंतीला चिकटून तिथेच जुळली. नाण्याएवढे एक गोल भोक बाहेरून थेट जठरात उघडलेले राहिले. कडा शस्त्रक्रियेने जुळवून भोक बंद करावे असे आपण सुचवले आणि रोग्याने नकार दिला, असे बोमाँटने लिहून ठेवले आहे.

वर्षभरात स्थानिक अधिकाऱ्यांनी या निराधार मजुराचा खर्च बंद केला. त्याला होडीत घालून शेकडो मैलांवरच्या त्याच्या गावी पाठवायचे ठरले. तो वाटेतच मेला असता. बोमाँटने त्याला आपल्या घरी आणले. खाऊपिऊ घातले, कपडे दिले, जखम रोज धुतली. या वेळेपर्यंत तरी ही गोष्ट निखळ माणुसकीची आहे.

जाते, हंडी की आंबवण?

पुढे काय झाले हे समजण्यासाठी त्या काळी पचनाविषयी काय माहीत होते ते पाहायला हवे. आपल्याकडे जठरात अग्नी असतो असे मानत आले आणि घराघरांत भूक लागली की पोटात आग पडली असे म्हणतात. युरोपातल्या पंडितांत तीन मते होती. कोणी म्हणे जठर हे जाते आहे, ते अन्न दळते. कोणी म्हणे ती चुलीवरची हंडी आहे, अन्न शिजवते. कोणी म्हणे ते आंबवणाचे भांडे आहे, अन्न कुजवते वा आंबवते. इटलीतल्या स्पालान्झानीने अठराव्या शतकात अन्न भरलेल्या कापडी पिशव्या स्वतः गिळल्या आणि जठरात अन्न विरघळवणारा रस असतो, असे दाखवले. १८२४ साली इंग्लंडमध्ये विल्यम प्राउटने प्राण्यांच्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे सांगितले. तरी वाद मिटला नव्हता. कारण जठर पाहायला मिळे ते मेलेल्याचे. चालू कारखान्यात कोणी शिरलेले नव्हते.

आणि इथे एका नोकराच्या कुशीत त्या कारखान्याची खिडकी उघडी होती. दीड वर्षाने जठराच्या आतल्या आवरणाची एक घडी त्या भोकावर पडद्यासारखी वाढली. आता पट्टी नसली तरी अन्न बाहेर येईना. मात्र बोटाने पडदा दाबला की आतले सारे दिसे. रोग्याला फारशी वेदना नाही, तो चालतो, लाकडे फोडतो, आणि डॉक्टर हवे तेव्हा त्याच्या जठरात डोकावू शकतो. बोमाँटला आपल्या हाती काय आले आहे ते कळले. उपचार संपले. प्रयोग सुरू झाले.

रेशमी दोऱ्याला बांधलेले जेवण

१ ऑगस्ट १८२५ रोजी, दुपारी बारा वाजता, बोमाँटने रेशमी दोऱ्याला ठरावीक अंतरावर सहा गोष्टी बांधल्या. मसाल्यात शिजवलेले गोमांस, कच्चे खारवलेले डुकराचे मांस, कच्चे खारवलेले गोमांस, उकडलेले खारवलेले गोमांस, शिळा पाव आणि चिरलेली कच्ची कोबी. हा दोरा त्याने भोकातून जठरात सोडला आणि सेंट मार्टिनला घरकामाला लावले. एक वाजता दोरा ओढून पाहिला. पाव आणि कोबी निम्मी विरली होती, मांस जसेच्या तसे होते. दोन वाजता पाव, कोबी, डुकराचे मांस आणि उकडलेले गोमांस दोऱ्यावरून नाहीसे झाले होते. तीन वाजेपर्यंत सेंट मार्टिनच्या पोटात दुखू लागले आणि प्रयोग थांबवावा लागला. दुसऱ्या दिवशीही त्याला मळमळ आणि डोकेदुखी होती. डॉक्टरने औषधाच्या गोळ्या तोंडात न देता सरळ भोकातून जठरात टाकल्या.

काही दिवसांत त्याने दुसरा प्रयोग केला. रबरी नळीने थोडा जठररस बाहेर काढला, कुपीत भरला, त्यात मांसाचा तुकडा टाकला आणि कुपी शरीराच्या उष्णतेइतक्या गरम पाण्यात ठेवली. तसाच दुसरा तुकडा जठरात सोडला. दोन्हीकडे मांस विरघळले. कुपीत वेळ जास्त लागला, पण विरघळले. थंड कुपीत मात्र काहीच होईना. जात्याचा, हंडीचा आणि आंबवणाचा वाद या साध्या कुपीने निकालात काढला. पचन ही रासायनिक क्रिया होती. रस खरा, ऊब हवी आणि घुसळण हवी.

त्याच सप्टेंबरात सेंट मार्टिन डॉक्टरला न सांगता निघून गेला. कॅनडात गेला, लग्न केले, दोन मुले झाली, पुन्हा होड्या वल्हवू लागला. पोटाला भोक असलेला माणूस ओझी वाहून संसार करत होता. बोमाँट मात्र अस्वस्थ होता. त्याने शोध घेतला आणि फर कंपनीच्या मदतीने १८२९ साली त्याला कुटुंबासह मिसिसिपी नदीकाठच्या फोर्ट क्रॉफर्ड या किल्ल्यात आणवले. दोन वर्षे पुन्हा प्रयोग झाले. पुढे १८३२ ते १८३३ या काळात वॉशिंग्टन आणि प्लॅट्सबर्ग येथे आणखी एक फेरी झाली.

या प्रयोगांतून जे दिसले ते आजही आपल्या जेवणाच्या पानाशी जोडलेले आहे. जठराच्या आतल्या भागाची उष्णता सुमारे शंभर अंश फॅरनहाइट असते. रिकाम्या जठरात रस साठून राहत नाही. बोमाँटने आवरणाला जीभ लावून पाहिली, तर आंबट चव लागली नाही. अन्न पडताच बारीक थेंब पाझरू लागत. बारीक केलेले अन्न लवकर विरघळे, तेलातुपाचे पदार्थ रेंगाळत. पाणी मात्र थांबत नसे, लगेच पुढे सरके. त्याने पदार्थांच्या पचनाचा तक्ताच केला. उकडलेला भात एक तास, उकळलेले दूध दोन तास, कडक उकडलेले अंडे साडेतीन तास, भाजलेले डुकराचे मांस सव्वापाच तास. आजारी माणसाला मऊ भात देणाऱ्या आपल्या आज्यांना हा तक्ता पाहून नवल वाटले नसते.

सेंट मार्टिन चिडला की आणखी एक गोष्ट दिसे. एरवी फिकट गुलाबी असलेले आवरण लाल आणि कोरडे पडे, जठरात पित्त दिसू लागे आणि अन्न रेंगाळे. त्याने दारू प्यायलेली असे तेव्हा आवरणावर लाल चट्टे उठत, आणि गंमत अशी, की त्याला स्वतःला काहीच त्रास जाणवत नसे. पोट बिघडलेले असते आणि मालकाला पत्ता नसतो, हे प्रथमच डोळ्यांनी दिसले. माणूस शरीराला लागते त्याहून साधारणपणे जास्तच खातो, असाही निष्कर्ष बोमाँटने लिहून ठेवला.

घासाचा खरा प्रवास

बोमाँटची खिडकी मोठी होती, पण ती प्रवासाच्या मध्यावर होती. भोकातून टाकलेला तुकडा तोंडाला आणि घशाला चुकवून जाई. म्हणूनच लाळेला पचनात काही काम नाही, ती फक्त घास ओला करते, असे त्याने मानले. इथे तो चुकला. लाळेतला पाचकरस पिठूळ पदार्थांची साखर करू लागतो. भाकरीचा तुकडा बराच वेळ चावला की गोड लागतो तो त्यामुळेच.

चावलेला घास जीभ मागे ढकलते. त्या क्षणी श्वासनलिकेच्या तोंडावर झाकण पडते आणि नाकाकडची वाटही बंद होते. हे झाकण चुकले की ठसका लागतो. मग घास अन्ननलिकेत उतरतो. ही नळी सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांब असते. घास तिच्यातून नुसता पडत नाही. नळीचे स्नायू मागून आवळत आणि पुढे सैल होत त्याला खाली नेतात. शीर्षासनात घोट घेतला तरी तो जठराकडेच जातो. नळीच्या खालच्या टोकाला स्नायूंचे एक कडे असते. घास आला की ते उघडते आणि लगेच मिटते. ते सैल राहिले की जठरातले आम्ल वर येते आणि छातीत जळजळते. आपण त्याला अॅसिडिटी म्हणतो. भरपेट जेवून लगेच आडवे होऊ नये म्हणतात ते या कड्याची दया येऊन.

जठर हे वाकड्या पखालीसारखे असते. रिकामे असताना ते मिटलेले असते, जेवणानंतर एक ते दीड लिटर मावेल इतके फुगते. त्याच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर असतात, उभे, आडवे आणि तिरके. ते अन्न घुसळतात. बोमाँटने तापमापक आत सोडला, की जठर तो आपल्याशी ओढून घेई, ते या हालचालीमुळे. भिंतीतल्या काही पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात, काही पेप्सिन बनवणारा घटक सोडतात. दिवसाला सुमारे दोन लिटर रस तयार होतो. आम्ल इतके तीव्र, की मांस विरघळते, मग जठर स्वतः का विरघळत नाही? कारण भिंतीवर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो आणि आतले आवरण दर काही दिवसांनी नवे होते. शेवटी पातळ झालेले अन्न खालच्या दारातून थोडे थोडे बाहेर सोडले जाते. पुढे लहान आतड्याचा पहिला भाग, बारा बोटे लांबीचा. तिथे यकृताचे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस मिळतो, आम्लाची धार बोथट होते आणि उरलेले पचन सुरू होते.

बोमाँटची दुसरी चूक पुढे रशियात इव्हान पाव्हलॉव्हने सुधारली. अन्न जठराला लागल्याशिवाय रस सुटत नाही, असे बोमाँटला वाटले होते. पाव्हलॉव्हने कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवले, की अन्न नुसते दिसले वा वास आला, तरी मेंदूकडून निरोप जातो. फोडणीच्या वासाने तोंडाला पाणी सुटते तेव्हा जठरालाही पाणी सुटते. पाव्हलॉव्हला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने कुत्र्यांच्या जठराला मुद्दाम जी भोके पाडली, तसलेच भोक मॅकिनॉ बेटावर अपघाताने पडले होते.

कागदावरची फुली

१८३२ साली बोमाँटने सेंट मार्टिनशी रीतसर करार केला. एका वर्षासाठी दीडशे डॉलर, राहणे आणि जेवण. बदल्यात सेंट मार्टिनने डॉक्टरबरोबर सांगेल तिथे जायचे, त्याची चाकरी करायची आणि आपल्या जठरावर हवे ते प्रयोग करू द्यायचे. सेंट मार्टिनला लिहिता येत नव्हते. त्याने सहीच्या जागी फुली मारली. पुढे लष्करात त्याची सार्जंट म्हणून नोंदही करून घेतली गेली, म्हणजे सरकारी पगार सुरू राहील आणि माणूस हाताशी राहील.

हे प्रयोग सेंट मार्टिनला सुखाचे नव्हते. उपाशी राहावे लागे, नळ्या घालून घ्याव्या लागत, रस काढताना पोटात खोल कालवल्यासारखे होई आणि चक्कर येई. तो वारंवार चिडे, दारू पिई, घराच्या आठवणीने झुरे. त्याच्या रागाने पचन बिघडते, ही नोंद विज्ञानाला मिळाली. तो राग कशाचा होता, या प्रश्नाला वहीत जागा नव्हती.

आणि तरीही हे विसरून चालणार नाही, की या डॉक्टरने त्याला मरणाच्या दारातून परत आणले होते. वर्षानुवर्षे स्वतःच्या पगारातून त्याचा खर्च केला होता. सरकारने काही भरपाई द्यावी असा त्याचा अर्ज अमेरिकन काँग्रेसने मंजूर केला नाही. जीव वाचवणारा आणि जीव वापरणारा, हे दोघे एकाच माणसात राहत होते.

१८३३ साली प्लॅट्सबर्गमध्ये बोमाँटने आपले पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापले. जठररस आणि पचनक्रिया यांवरचे प्रयोग आणि निरीक्षणे, असा त्याचा विषय. दोनशेहून अधिक प्रयोग आणि शेवटी एक्कावन्न निष्कर्ष. कागद साधा, भाषा साधी, दावे मोजके. पुढच्याच वर्षी त्याचे जर्मन भाषांतर निघाले आणि १८३८ मध्ये एडिंबरोत आवृत्ती निघाली. १८३६ साली थिओडोर श्वानने जठररसातले पेप्सिन शोधले. आम्लाबरोबर आणखी काहीतरी आहे, हा बोमाँटचा कयास खरा ठरला.

रिकामी खुर्ची

१८३४ साली सेंट मार्टिन घरी जाऊन येतो म्हणून कॅनडात गेला, तो परत आलाच नाही. बोमाँटची बदली सेंट लुईसला झाली. काही वर्षांनी त्याने लष्कर सोडले आणि शहरात दवाखाना थाटला. नाव झाले, पैसाही मिळाला. मन मात्र त्या खिडकीपाशीच अडकले होते. जवळजवळ वीस वर्षे तो सेंट मार्टिनला पत्रे धाडत राहिला. पैसे वाढवून देऊ केले. सेंट मार्टिनही नेमका नकार देत नसे. कधी जास्त पैसे मागे, कधी बायकामुलांना आणू द्या म्हणे. दोघांचा सौदा कधी जमला नाही.

१८४० साली सेंट लुईसमध्ये एक खटला गाजला. भांडणात डोक्यावर लोखंडी काठीचा मार बसलेल्या एका माणसावर बोमाँटने शस्त्रक्रिया केली होती, तो दगावला. आरोपीच्या वकिलांनी उलट बोमाँटवरच बोट ठेवले. याने कुतूहलापोटी एकाच्या पोटाला भोक राखले, तसेच आत काय आहे हे पाहण्यासाठी याच्या कवटीला भोक पाडले, असा त्यांचा रोख होता. आरोप अन्यायाचा होता. तरी आयुष्यभराच्या कामावर असा बाण बसणे त्याला किती लागले असेल, याची कल्पना करता येते.

१८४९ च्या पटकीच्या साथीत त्याने त्याच शहरात रोग्यांची सेवा केली. १८५३ च्या मार्चमध्ये एका रोग्याला पाहून परतताना बर्फ साचलेल्या पायऱ्यांवरून तो घसरला आणि डोक्याला मार लागला. २५ एप्रिल १८५३ रोजी त्याचे निधन झाले. वय सदुसष्ट.

ज्याला छत्तीस तासांचा सोबती समजले होते, तो सेंट मार्टिन डॉक्टरनंतर आणखी सत्तावीस वर्षे जगला. १८५६ साली एका भोंदूने त्याला गावोगाव फिरवून त्याचे पोट लोकांना दाखवले. म्हातारपण गरिबीत गेले. २४ जून १८८० रोजी क्वेबेक प्रांतात तो वारला. माँट्रियलच्या विल्यम ऑस्लर या डॉक्टरला, जो पुढे जगप्रसिद्ध झाला, ते जठर वॉशिंग्टनच्या संग्रहालयासाठी हवे होते. घरच्यांनी शवविच्छेदन होऊ दिले नाही. उन्हाळ्याच्या दिवसांत मृतदेह मुद्दाम बरेच दिवस घरात ठेवला, आणि मग कोणी उकरू नये म्हणून आठ फूट खोल पुरला. हयातभर ज्या पोटात जग डोकावले, ते त्यांनी शेवटी मिटवले. १९६२ साली कॅनडाच्या शरीरक्रिया शास्त्रज्ञांनी तिथल्या चर्चच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लावली. ऋण मान्य व्हायला ब्याऐंशी वर्षे लागली.

स्पालान्झानीने पिशव्या स्वतः गिळल्या होत्या. ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शलने १९८४ साली पोटातल्या व्रणामागचा जिवाणू सिद्ध करण्यासाठी जंतूंचा पेला स्वतःच पिऊन टाकला. त्याला आणि रॉबिन वॉरेनला २००५ साली नोबेल मिळाले. बोमाँटच्या वाट्याला दुसऱ्याचे पोट आले. आज अशा प्रयोगाला कोणतीही समिती परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण जेवणानंतरची गोळी, आजाऱ्याचा मऊ भात आणि दुर्बिणीची तपासणी या साऱ्यांच्या पाठीशी एका डॉक्टरची चिकाटी जितकी आहे, तितकीच एका अडाणी हमालाने सोसलेली कळ आहे. पुस्तकावर नाव एकाचे आले. आजचा वरणभात सावकाश चावून खाताना दोघांची आठवण ठेवावी, आणि जमले तर रागावून जेवायला बसू नये.